पितराचं वजन

कोणाच्या घरात कोणतं डाएट सुरू झालंय हे डॉक्टरच्या आधी गिरणीवाल्याला कळतं. ज्वारीचा डबा यायचा बंद होतो आणि नाचणी यायला लागते. नाचणी जाऊन सोयाबीन येतं, सोयाबीन जाऊन जव येतात, आणि काही महिन्यांनी तोच डबा मुकाट्याने ज्वारी घेऊन परत येतो. तेव्हा मी काही विचारत नाही. हरून आलेल्या माणसाला डिवचू नये, एवढी अक्कल मला आहे.

योगराजला मात्र मी पोटभर डिवचलं. तो माझ्या डोक्यावरच राहतो, म्हणजे गिरणीच्या वरच्या मजल्यावर. बायको सुषमा आणि कॉलेजात जाणारी मुलगी गायत्री. मूळचे शिंदखेड्याकडचे, माझ्याच मातीतले. आमच्या नवागामात तसे सगळेच तिकडचे. सुरतेत राहतो, पण भांडतो अहिराणीतच. योगराज हजिऱ्याला एका मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडे मचाण बांधतो. लोखंडी पाइप एकाला एक जोडत टाकीच्या, चिमणीच्या कडेने वर चढत जायचं आणि फळ्या टाकायच्या. त्यावर मग वेल्डर आणि रंगारी उभे राहणार. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. माणूस असा की जमिनीवर असला की त्याचा पाय ठरत नाही. चहा उभ्याने पिणार, बोलता बोलता माझ्या गिरणीचं शटर वरखाली करून बघणार, दोनदा जिना चढून उतरून येणार. इतका हलणारा माणूस जाडा कसा, हे कोडंच होतं. मग तो जेवताना पाहिला की कोडं सुटायचं.

होळीनंतर कंपनीने नियम काढला. उंचीवर चढणाऱ्याने कमरेला आणि खांद्याला जो पट्टा बांधायचा, तो शंभर किलोच्या माणसापर्यंतच धरतो. म्हणून शंभराच्या वर ज्याचं वजन, त्याला उंचीचा पास नाही. योगराज भरला एकशे नऊ. जुना पास भादव्याच्या शेवटापर्यंत चालणार होता. तेवढ्यात उतरवलं तर ठीक, नाहीतर खाली उभं राहून दुसऱ्यांना पाइप उचलून द्यायचे. ज्याने हजिऱ्यात अर्ध्या पोरांना गाठ मारायला शिकवलं, त्याने हेल्पर व्हायचं.

"आप्पा, मी खाली राहिलो तर मरेन," तो मला म्हणाला. मला आप्पा म्हणतात, नाव भिकन. मी म्हटलं, "वर राहून लोक मरतात, खाली राहून कोणी मेलेलं ऐकलं नाही." तो हसला नाही. माझ्या धान्याच्या काट्यावर, पोतं ठेवतात तिथे, चपला काढून उभा राहिला. त्या दिवसापासून माझा काटा त्याचाच झाला.

पहिलं डाएट गायत्रीने मोबाईलमधून काढलं. "पप्पा, केटो करो ने. रोटली, भाकरी बधुं बंध." पोळी-भाकरी सगळं बंद, खायचं ते पनीर, अंडी, लोणी, शेंगदाणे. मी म्हटलं, वा, हे तर श्रीमंताचं दुखणं. वजन उतरलं, नाही कसं म्हणू? चार किलो पहिल्या झपाट्यातच गेले. पण माणूस भुतासारखा झाला. डोकं दुखायचं, बसमध्ये भांडायचा. एका संध्याकाळी गिरणीत आला आणि जात्यातून पडणाऱ्या गरम ज्वारीच्या पिठाकडे बघत नुसता उभा राहिला. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काही नाही, वास घेतोय." मला त्याची कीव आली. खानदेशी माणसाला भाकरीवाचून ठेवणं म्हणजे म्हशीला डबक्यावाचून ठेवणं. एका रविवारी भरीत झालं आणि केटो त्याच दिवशी संपलं. उतरलेलं वजन आठवड्यात पाहुण्यांसकट परत आलं.

मग भेस्तानला शेकचा क्लब. सकाळी तिथे जायचं, पावडरचा गोड ग्लास प्यायचा आणि कोणाचं वजन उतरलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सकाळचा ग्लास, रात्रीचा ग्लास, मध्ये एकदा जेवण. योगराजला टाळ्या फार आवडल्या. पण एका दुपारी टाकीच्या कडेला, वर, त्याचा हात थरथरला. ते त्याने घरी सांगितलं नाही, मला सांगितलं. "आप्पा, हात थरथरून चालत नाही वर." दुसऱ्या दिवसापासून क्लब बंद.

त्यानंतर सोळा तास उपाशी आणि आठ तासांत जेवायचं, ते. ऐकायला सोपं. पण ज्याने हे काढलं तो ठेकेदाराच्या बसने कधी आला नसावा. दुपारी बारा ते रात्री आठ ही जेवायची वेळ, आणि बस उधन्यापाशी अडकली की आठ तिथेच वाजायचे. योगराज बसमध्येच उभ्याने डबा खायचा, घड्याळाकडे बघत, चोरासारखा. पुढे एक आठवडाभराचं डाएट आलं. एक दिवस फक्त फळं, एक दिवस फक्त भाज्या, एक दिवस केळी आणि दूध. केळ्यांच्या दिवशी तो डझनावर डझन संपवून माझ्या काट्यावर चढला आणि वजन वाढलं म्हणून माझ्या काट्यालाच शिव्या घातल्या. दुधी भोपळ्याचा रस, जिऱ्याचं पाणी, मध-लिंबू, काही म्हणून सोडलं नाही. एक धरायचं, दुसरं सोडायचं. त्याच्या डोळ्यांत सतत एक घाई असायची. भादवा जवळ येत होता.

शेवटी सुषमावहिनी त्याला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे आहार सांगणाऱ्या एक बाई बसतात. त्याने त्यांना सगळ्या डाएटांची नावं सांगितली आणि विचारलं, यातलं चांगलं कोणतं? बाई म्हणाल्या, "जे तुम्ही पुढच्या दिवाळीलाही करत असाल, ते." मग त्यांनी विचारलं, उठता किती वाजता, डब्यात काय असतं, भूक कधी लागते, झोप किती. आणि सांगितलं ते एवढंच: तीन भाकऱ्यांची दीड करा, वाटीभर डाळ वाढवा, पालेभाजी वाढवा, फरसाण आणि चहातली साखर सोडा, बसमधून दोन थांबे आधी उतरून चालत या. कळण्याची भाकरी चालेल. योगराजला फसवल्यासारखं वाटलं. "हे तर माझी माय पण सांगायची!" मी म्हटलं, "मग मायचं ऐकलं असतं तर एवढी केळी वाचली असती."

पण ते लागू पडलं. ज्वारी-उडदाचं कळणं दळायला डबा माझ्याकडे येऊ लागला आणि येतच राहिला, हे महत्त्वाचं. काटा आठवड्याला थोडाथोडा सरकायचा. योगराजला हा वेग सोसवायचा नाही, तो काट्याला बोटाने टिचक्या मारायचा. तरी गणपती उठले तेव्हा तो शंभराच्या आत आला. गिरणीत पिठाच्या धुरळ्यात तो नाचला आणि मला पण नाचवलं. तपासणी सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी होती. मध्ये फक्त पितरपाट, म्हणजे पितृपक्ष.

आणि पितरपाटातच सगळी गोची झाली. आमच्याकडे गेलेल्याच्या तिथीला एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, आणि गेलेल्याला जे आवडायचं ते त्याच्या पुढ्यात वाढतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. त्याने ताटात टाकलं तर तो तिकडे उपाशी राहिला. म्हणून पितराला 'बस' म्हणता येत नाही, आणि बोलावणं आलं तर 'नाही' तर मुळीच म्हणता येत नाही. आमच्या गल्लीचा लाडका पितर कोण? योगराज. खाणारा, दाद देणारा, वडा तोंडात गेल्यावर डोळे मिटणारा. त्याला जेवताना बघून बायका पदर डोळ्यांना लावायच्या, की आमचे बाबा असेच जेवायचे. कोणाचा बाप, कोणाचा सासरा, कोणाचा चुलता, सगळे दरवर्षी योगराजच्या तोंडाने जेवून जायचे.

सुषमावहिनी म्हणाली, यंदा सांगा, जमणार नाही. त्याच्या तोंडातून ते निघेना. मग त्यालाच एक युक्ती सुचली. दिवसातून एकदाच जेवायचं, असंही एक डाएट मोबाईलमध्ये होतं. "आप्पा, हे तर पितराचंच डाएट निघालं! दुपारी जेवायचं, बाकी दिवस पाणी." त्याला वाटलं, इतक्या दिवसांनी आपल्याला जुळणारं सापडलं. ज्या बाईंचं ऐकून एवढं उतरलं होतं, त्यांची दीड भाकरी त्याने त्याच दिवशी बाजूला ठेवली. मला राग आला, पण सुरुवातीला काटा खरंच हलला नाही. मग वर सरकू लागला. पितर एकदाच जेवतो हे खरं, पण तो तिघांचं जेवतो. खीर, वडे, गिलक्याची भजी, कढी, गंगाफळाची भाजी, वर पुरणपोळी. चतुर्दशीच्या सकाळी काटा बरोबर शंभरावर थांबला. योगराजचा चेहरा उतरला. "आज नुसतं ताक," तो म्हणाला. "ताकावर राहिलो तर उद्या नव्व्याण्णव."

तो चप्पल घालतच होता, तेवढ्यात सरलाबाई गिरणीत आली.

सरलाबाई समोरच्या इमारतीत सगळ्यात वर राहते. एकटीच. तिच्या आनंदाला योगराजनेच गावाहून आणलं होतं, त्यानेच मचाणाचं काम शिकवलं होतं. पुढे आनंदा हजिरा सोडून एका इमारतीच्या कामावर गेला आणि गेल्याच्या गेल्या वर्षी तिथून पडला. लग्न ठरलं होतं त्याचं. अपघाताने गेलेल्यांचं पान चतुर्दशीला असतं. गेल्या वर्षी आनंदाचा मामा गावाहून येऊन पितर बसला होता, यंदा तो अंथरुणावर होता.

"योगराज, मना आनंदाना पान शे आज," ती म्हणाली. "तू बठशी ना?"

मी योगराजकडे बघितलं. तो काट्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बठसू, माय." एकट्याला बसवत नाहीत, म्हणून मलाही बोलावणं होतं.

गच्चीवर चूल मांडून तिच्यावर खापर, म्हणजे मातीचं पालथं भांडं, लावलं होतं. सरलाबाईने हातावर पोळी वाढवत नेली, खापरावर टाकली. योगराजचे पाय धुतले तेव्हा तिचे हात थोडे जास्त वेळ त्याच्या पायांवर राहिले. मग ती वाढायला लागली. दुधात कुस्करलेली पुरणपोळी, वर तुपाची धार. ती संपली की दुसरी. मला एकदाच विचारलं, त्याला विचारलंच नाही. योगराजने ताटावर हात आडवा धरला, "बस, माय." तर ती म्हणाली, "आनंदा कधी बस म्हणे का?" हात बाजूला झाला. तो खात राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला, घास तोंडात फिरू लागला, तरी खात राहिला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. हा माणूस उद्याचा पास गिळतोय आणि मी त्याच्या शेजारी बसून भजी खातोय.

हात धुवायला पाणी देताना सरलाबाईने विचारलं, "आते तुनं वजन कितलं व्हई?"

"शंभरना वर, माय."

"मंग सकाय त्या तुले वर चढू देवाव नहीत."

योगराजच्या हातावरचं पाणी तसंच गळत राहिलं. "तुले मालूम व्हतं?"

"सुषमानी सांगेल व्हतं. म्हणीसन तर वाढं मी." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "मना आनंदा साठ किलोना बी नव्हता रे. पट्टा बी व्हता. पडनाच ना?"

योगराज ताडकन उठला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण पितराने त्या घरात बोलायचं काय? त्याने पानसुपारी घेतली, तिला आशीर्वाद द्यायचा तो पण दिला, आणि जिना धडधडत उतरला. खाली आल्यावर फुटला. "मारलं तिने मला, आप्पा! माझ्याच हाताने मला मारलं!" भर उन्हात तो भेस्तानच्या दिशेने तरातरा चालत सुटला. मी त्याच्या मागे रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो, मग माझा दम संपला. तो पुढे गेला. चालून पुरणपोळी उतरत नसते हे त्याला माहीत होतं, पण त्याला बसवेना.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या काट्यावर एकशे एक भरले. महिन्याभराने परत या, असं सांगितलं. त्याचा पट्टा काढून घेतला आणि त्याला खाली उभं केलं.

त्याच्या जागी नितीन वर गेला. हडकुळा, दोन लेकरांचा बाप, हाताला चपळ. फक्त एक खोड: पट्ट्याला दोन आकडे, म्हणजे हुक, असतात; एका पाइपवरून दुसऱ्यावर जाताना हा दुसरा अडकवायच्या आधीच पहिला सोडायचा, म्हणजे तेवढा वेळ कशालाच बांधलेला नसायचा. वर असताना योगराजने त्याला दोनदा झापलं होतं. आता खालून नुसतं ओरडता येत होतं, आणि वाऱ्यात खालचा आवाज वर पोहोचत नाही. योगराज मान वर करून उभा राहायचा. पाइप उचलून द्यायचे, पुन्हा मान वर. जेवणाची सुटी झाली तरी नितीन खाली उतरेपर्यंत हा डबा उघडायचा नाही, आणि उघडला तरी घास खाली जायचा नाही. वहिनी मला सांगायची, डबा जसाच्या तसा परत येतो. घरी आला तरी तेच. बसायचा, उठायचा, गॅलरीत जायचा, पुन्हा बसायचा.

महिना भरत आला तेव्हा तो कधी नव्हे तो स्वतःहून काट्यावर चढला नाही, मीच चढवला. पंच्याण्णव.

"कोणतं डाएट रे हे?" मी विचारलं.

"मान वर करून उभं राहायचं," तो म्हणाला. "आप्पा, वर असलो की मला कडकडून भूक लागते. वरून खाली बघताना कधी भीती वाटली नाही. खालून वर बघताना घासच जात नाही."

सुषमावहिनी पीठ न्यायला आली होती. डबा हातात घेऊन तिथेच उभी होती.

"माले बी जात नही," ती म्हणाली.

योगराजला कळलं नाही. "काय?"

"लगीन व्हयनं तवयपासून जात नही. सकायले तुमी डबा लिसन जातस, मंग मी नुसता च्या पेस. रातले तुमी दारमा चप्पल काढतस, तवय मी पहिला घास लेस." ती रागाने बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "तुमले वाटस, मना उपास ऱ्हातस. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. इतला उपास कोणी करस का?"

गिरणी चालूच होती. मी बटण बंद केलं. योगराजने तिच्या हातातला डबा घेतला आणि तिच्या मागोमाग जिना चढून गेला. पहिल्यांदाच सावकाश चढला.

परत तपासणी झाली आणि पास मिळाला. मी त्याला म्हटलं, आता राहा ना खाली, बाई दोन घास सुखाने खाईल. तो म्हणाला, "आप्पा, मी नाही गेलो तर नितीन वर एकटा असणार, झापायला कोणी नाही. मग त्याच्या बायकोचं काय?" तो वर गेला. नितीनला दोन्ही आकड्यांची सवय त्याने कशी लावली ते कंपनीतले लोक सांगतात, त्यातल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

डाएटचं म्हणाल, तर आता पुन्हा त्या बाईंची दीड भाकरी आणि डाळ सुरू आहे, कळणं माझ्याकडेच दळतात.

आणि हजिऱ्याला पाळी सुटली की गेटवर मोबाईल परत मिळतात. बसची रांग लागायच्या आधी योगराज तिथूनच घरी फोन करतो. "उतरनू," म्हणजे खाली उतरलो, एवढंच म्हणतो आणि ठेवतो. सुषमावहिनी गॅलरीत येते, समोरच्या इमारतीकडे तोंड करून ओरडते, "उतरनात वं माय!" सगळ्यात वरच्या मजल्यावरून सरलाबाई हात हलवते. मग दोघी आपापल्या घरात ताट वाढून घेतात.